पाच मिनिटांचं काम

आमचे भावोजी किल्ल्या करतात. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने उभं राहायचं आणि तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. दुकानावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: ‘किल्ली हरवते ती तुमची. आमच्याकडे हरवत नाही.’ या पाटीचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा लग्नाचाही नसावा. ते लग्न माझ्या सख्ख्या ताईशी झालेलं असल्यामुळे मी ही गोष्ट नीट लक्षात ठेवली आहे.

माणूस वाईट नाही. कुलूप कानाशी धरून हलवतात आणि आत कुठे काय मोडलंय ते सांगतात, ते कधी चुकत नाही. फक्त एक खोड आहे. जगात दोनच प्रकारची कामं असतात असं ते समजतात. एक त्यांचं, ज्यासाठी ‘बोटांना वीस वर्षं लागतात’, आणि दुसरी बाकी सगळ्यांची, जी पाच मिनिटांची असतात. दुपारी ते जेवून आडवे होतात तेव्हा दोन तास ताई दुकानात बसते. तिने तयार किल्ल्या द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि मशीनला हात लावायचा नाही, असा नियम.

कोंबड्यांची कल्पना त्यांचीच. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी सहा कोंबड्या खोक्यात घालून घेऊन आले. मागच्या अंगणात जागा आहे, घरची अंडी मिळतील, खर्च शून्य. दाणे टाकायचे, अंडी उचलायची, पाच मिनिटांचं काम. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हे भाषण मला खिडकीतून फुकटात ऐकायला मिळालं.

खुराडं त्यांनी स्वतः बांधलं आणि दाराला तीन कुलपं लावली. दुसऱ्या दिवशी तिन्ही किल्ल्या खिशात घालून दुकानात गेले, आणि आत कोंडलेल्या कोंबड्यांनी दुपारपर्यंत गल्ली डोक्यावर घेतली. चौथ्या दिवशी मुंगसाने भिंतीखालून माती उकरून एक कोंबडी नेली. भावोजी येईल त्याला तिन्ही कुलपं दाखवत होते, बघा, एकालाही धक्का नाही म्हणून. ताईने मुकाट्याने कुदळ घेतली, चारही बाजूंनी हातभर खोल खणलं आणि जाळी पुरली. तिथपासून कोंबड्या ताईच्या झाल्या.

ज्यांना कोंबड्या पाळायच्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. खाद्याचं पोतं नवीन आणलं की आठवड्यात रिकामं होतं. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, मग उंदरांचा बंदोबस्त. तळाचा भुसा बदलायचा, शीट खरवडायची, पाण्याची कुंडी धुवायची, कारण धुतल्या धुतल्या कोणीतरी तिच्यात उभं राहतं. पिसवा झाल्या की एकेकीला उलटी धरून पावडर चोळायची. ताईने लावलेली रोपं कोंबड्यांनी मुळासकट खाल्ली. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवरून एक फिरून आली, तेव्हा अर्धा डझन अंडी देऊन प्रकरण मिटवावं लागलं. आणि अंडी म्हणाल, तर पिसं झडायला लागली की दोन-दोन महिने एक अंडं नाही, खाणं मात्र चालू. मग एखादी अंडी उबवायच्या हट्टाने खुडूक होते आणि रिकाम्या जागेवर असं तोंड करून बसते, की आपणच तिची माफी मागावी.

मागच्या वर्षी ताईला ताप आला होता. अंग फणफणत असताना ती सकाळी उठून खुराडं साफ करायला गेली. भावोजी चहा पीत होते. पाच मिनिटांचं तर काम, करून ये आणि झोप, असं म्हणाले. मला त्यांचा तेव्हा खरोखर राग आला. ताईने झाडू उचलला. बोलणाऱ्यांतली नाहीच ती.

तर किल्लीची गोष्ट. गावात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात. भावोजींना त्यांनी लहानपणी गणितासाठी बाकावर उभं केलं होतं आणि भावोजींच्या मनाने ते अजून खाली उतरलेले नाहीत. बाईंनी टेबलाच्या खणाची किल्ली आणून दिली. पितळी, जुनी, करंगळीच्या पेराएवढी. ही एकच आहे, म्हणाल्या, हिच्यासारखी दुसरी करा, पुढच्या शनिवारी येईन. मग पाटीकडे बघून, चष्मा सारखा करून गेल्या.

अशा नाजूक किल्ल्या भावोजी घरी, मागच्या पायरीवर बसून करतात. त्या दिवशी पायरीवर बसले आणि पायाशी आलेल्या कोंबडीला हाकलायला वाकले. शर्टाच्या खिशातून किल्ली पडली. कोंबडीने ती चोचीत धरली आणि पळाली. बाकीच्या चौघी मागे, भावोजी त्यांच्या मागे. सगळी वरात खुराड्याला वळसा घालून परत आली तेव्हा पाचही चोची रिकाम्या होत्या.

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. गिळली, गिळली, एवढंच म्हणत राहिले. मी वरून सुचवलं की लोहचुंबक फिरवून बघा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पितळेला लोहचुंबक चिकटत नाही हे मला जन्मभर विसरता येणार नाही. मग त्यांनी सुरीचा विषय काढला. ताई दारात आली.

“कोणती कापायची?” ती म्हणाली.

तिथेच घोडं अडलं. पाचपैकी तीन तपकिरी, आणि तीन वर्षांत भावोजींना त्या वेगवेगळ्या ओळखता येत नव्हत्या. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आपणहून बाहेर पडेल, नाहीतर पडणार नाही. एवढ्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत हेच विशेष.

दुसऱ्या दिवसापासून भावोजी पहाटे उठायला लागले. जुने हातमोजे, तोंडाला फडकं, हातात दुकानातला चिमटा. रात्रभरातली शीट पत्र्यावर पसरून दाणा दाणा तपासायची. शीट नीट दिसावी म्हणून तळ रोज खरवडायचा. किल्ली भुशात गेली असेल म्हणून भुसा चाळायचा आणि चाळलेला टाकून नवा घालायचा. त्यासाठी पोतं आणायला गेले आणि भाव ऐकून दुकानदाराशी भांडून आले. एका कोंबडीने त्यांच्या अंगठ्याचा लचका तोडला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर पिसवा चढल्या. पाचव्या दिवशी मला म्हणाले की ही लंगडी हल्ली कमी खाते, तुझ्या लक्षात आलं का? मी म्हटलं नाही. तिला ते लंगडी म्हणायला लागलेत, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

रोज दुपारी ते नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपत. ताई तेवढा वेळ दुकानात बसे. संध्याकाळी विचारत, बाई आल्या होत्या का? ताई म्हणे, दुकानाबद्दल काही काळजी करू नका. मलाही तिने ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवार उजाडला. किल्ली नव्हती. बाईंच्या घरी जाऊन फुकटात खण उघडून द्यायचा, नवं कुलूप पदरचं बसवायचं आणि पाटी उतरवायची, असं भावोजींनी ठरवलं. पाटी उतरवायला पान्हासुद्धा काढून ठेवला होता. मी दुकानात डबा घेऊन गेले तर वीस वर्षं बोटं घासलेला कारागीर शाळेतल्या पोरासारखा बसला होता. कधी नव्हे ते मला त्यांचं वाईट वाटलं.

बाई आल्या. भावोजी उठून उभे राहिले, ते बहुधा सवयीने. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी पर्समधून दोन किल्ल्या काढून फळीवर ठेवल्या.

“परवा दुपारी नेली ती ही नवी फार चांगली लागते,” बाई म्हणाल्या. “जुनी जरा अडायची. भाचीसाठी अजून एक हवी आहे. त्याच हाताची करा.”

भावोजींनी नवी किल्ली उचलून दिव्याखाली धरली. दात अगदी स्वच्छ, कडा मऊ, कानशीच्या रेघा सरळ. भावोजींच्या रेघा नेहमी तिरप्या पडतात. बाई गेल्यावर बराच वेळ ते ती किल्ली नुसती फिरवत बसले. मग दुकानाला भरदिवसा कुलूप लावलं आणि घरी निघाले. मी मागोमाग गेलेच, हे काय चुकवायचं?

ताई पायरीवर बसून कांदा चिरत होती.

“कधी सापडली?” त्यांनी विचारलं.

“त्याच संध्याकाळी. पाण्याच्या कुंडीखाली होती. गिळली कुणी नव्हतीच.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगायलाच येत होते,” ताई म्हणाली. “तेवढ्यात तुम्ही विचारलंत, झाडू कुठे असतो.”

भावोजी खुराड्याकडे बघत राहिले. तळ खरवडलेला होता, भुसा कोरडा होता, कुंडीत स्वच्छ पाणी होतं. आता ते चिडणार, असं मला वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण तिची सुरी थांबली होती.

“आणि किल्ली?” ते म्हणाले. “ती कुणी शिकवली तुला?”

“रोज दोन तास बसते तिथे. त्यात काय, पाच मिनिटांचं काम.”

मी हसू दाबायला जिन्याकडे वळले. परत वळून पाहिलं तर भावोजींनी खिशातून कोरी पितळी पट्टी काढून ताईच्या शेजारी पायरीवर ठेवली होती.

“बाईंना अजून एक हवी आहे,” ते म्हणाले. “त्याच हाताची.”

मग त्यांनी हातमोजे चढवले आणि लंगडीच्या पायाला काय झालंय ते बघायला गेले.