विटेवरचा पंजा

कचेरीसमोर टेलिफोनच्या केबलसाठी खणलेल्या मातीचा वास आला, आणि आणीबाणीपूर्वीचे, गोदाकाठच्या गावातले ते चर्च आठवले. नवा रस्ता त्यावरून जाणार होता. ते प्राचीन ठरले तरच वाचणार, म्हणून ‘आद्य ख्रिस्ती काळातील वास्तू’ असा भारदस्त अर्ज मीच लिहिला होता. तपासणीसाठी पायाशी खणणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या संशोधकाने लहान पंजा उमटलेली वीट वर काढली. “भाऊसाहेब, तुमची हजारो वर्षं शंभरावर आली! ही वीट दुष्काळी कामावरची; मिशनच्या आसऱ्याला आलेल्या लोकांनी बांधलंय हे.” शेजारी उभ्या असलेल्या गावच्या म्हातारीने त्या पंज्यावर बोटे टेकवली. “आमच्याच कुणा लेकराचा हात हाय हा. मंग आता आमचं हाय म्हणून लिहा ना अर्ज.” कायद्यात तसे कलम नाही, असे मी थकल्या स्वरात सांगितले. आता तेथून कांद्याचे ट्रक जातात. ते कलम मला अद्याप सापडलेले नाही.