नव्या भाताआधीचा तारपा

चिंचणीची नलू बालवाडीची बाई झाली ती पगारासाठी, असं तिच्या सासरचे लोक म्हणत. पगार असा होता की त्यासाठी कोणी उन्हातान्हात कुंभवलीपर्यंत तंगडतोड केली नसती. खरं कारण तिच्या आईच्या अंगणात होतं. डोंगराकडचे वारली गवताचे भारे नि सरपण घेऊन किनाऱ्यावर उतरत. नलूची आई बदल्यात सुकट द्यायची, पण लांबूनच, त्यांनी पसरलेल्या फडक्यात टाकून. बाई वाईट नव्हती, उलट माप सढळ घालायची. पण हातात द्यायची नाही. लहान नलूला त्याची लाज वाटे, आणि स्वतःचा संसार झाला तरी ती लाज गेली नाही.

ऐंशी सालाच्या आगेमागे एका संस्थेने कुंभवलीच्या कडेला बालवाडी काढली. कारखान्यातल्या कामगारांची हिंदी बोलणारी पोरं, किनाऱ्यावरून इकडे राहायला आलेल्यांची पोरं आणि नाल्यापलीकडच्या वारली पाड्यातली पोरं, सगळी एका खोलीत. पाड्यातली पोरं दाराशी बसत, कोणी हाक मारली की उठून पळायच्या बेताने. बाकीच्या आयांनी लगेच नाकं मुरडली. आमच्या पोरांच्या पंगतीला ही कळकट पोरं नकोत म्हणाल्या. नलूने कोणाचं ऐकलं नाही. खाऊची पंगत एक, पाण्याचं पिंप एक.

पाड्यातल्या कमळीची आजी सोमी, तिला नलू मुद्दाम बोलवायची. सोमी पोरांच्या मधोमध फतकल मारून बसे आणि कणसरीची गोष्ट सांगे. कणसरी म्हणजे धान्याची आई. दाणा पायदळी गेला तर ती रुसून जाते. आठवडाभरात कामगारांची पोरंसुद्धा सांडलेली शितं वेचायला लागली. नलूला स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि इथेच माशी शिंकली. पंधरा ऑगस्टला त्या नाकं मुरडणाऱ्या आयांना तिला काहीतरी दाखवायचं होतं. पाड्यातली पोरं उपरी नाहीत, त्यांच्यापाशीही मोलाचं काही आहे, एवढं पटलं की ती कायमची पंगतीत बसतील, हा तिचा हिशेब. सोमीचा नवरा जिवल्या तारपा वाजवायचा. भोपळ्याचं नि बांबूचं ते लांब वाद्य त्याच्या छपराला टांगलेलं असे. नवं भात घरात आलं की ते खाली उतरायचं, त्याआधी नाही. कणीस अजून पिकाच्या पोटात असताना तारपा फुंकला तर कणसरी बिचकते, असं पाडा मानायचा.

"बाय, भात अजून पोटात हाय," जिवल्या म्हणाला. "दाना घरात येऊ दे. मंग म्हनशील तवर फुकतू."

नलूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सोमीने पोरांना हेच सांगितलं तेव्हा ती शेजारीच बसलेली होती. तरी ती पुन्हा गेली, मग आणखी एकदा. पोरांसाठीच तर आहे, पोरांवर देव रागावत नाही, म्हणाली. जिवल्या जमिनीकडे बघत राहिला. त्याची नात कमळी रोज बालवाडीत जेवत होती. तिला घास भरवणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? नलूने ते गप्प राहणं होकार समजून घेतलं. देणाऱ्याला घेणाऱ्याचा नकार कधी ऐकूच येत नाही.

झेंडावंदन झालं आणि जिवल्याने तारपा तोंडाला लावला. सगळी पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरून फिरली. आया आधी खिदळल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या. प्रताप नावाच्या एका कामगाराने डोंबाऱ्याला टाकावं तसं जिवल्याच्या पायाशी नाणं टाकलं. नलूने ते पाहिलं. वाईट वाटलं तिला, पण पोरांचा फेर इतका गोड दिसत होता की ती विसरली.

त्या साली हस्ताचा पाऊस आलाच नाही. ऐन फुलोऱ्यात भात तहानलं आणि लोंब्यांत नुसतं फोल राहिलं. जिथे कोणी तारपा फुंकला नव्हता तिथलंही भात गेलं होतं, पण हे पाड्यात कोण कोणाला सांगणार? पाड्याने जिवल्याला दंड केला, तो त्याने मुकाट्याने भरला. मग छपराखालचा तारपा काढला आणि स्वतःच्या हाताने फोडला. दिवाळीआधीच निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर गेला. मागे राहिलेल्यांनी बालवाडीत पोरं पाठवणं बंद केलं.

नलू नाला ओलांडून गेली. सोमी अंगणात फोल पाखडत होती, त्यात दाणे मिळाले तर मिळाले म्हणून. चूक माझी आहे, नलू म्हणाली. पाड्याला तसं सांगा, दंड मला करा, पण पोरांना पाठवा.

"तुला दंड कोन करल?" सोमी सुपावरची नजर न काढता म्हणाली. "तुजी आय सुकट फडक्यात टाकायची. मी नेलीय ती. तिचा राग आमी नाय धरला, बाय. तिनं आमच्या घरातला काय मागितला नाय."

कमळीला तरी पाठव, असं म्हणायला नलूने तोंड उघडलं. पण कमळी आईबरोबर केव्हाच भट्टीवर गेली होती.

पुढच्या ऑगस्टात मुंबईहून देणगीदार यायचे होते. संस्थेचे खंडेराव म्हणाले, तो मागचा आदिवासी नाच छान झाला होता, तोच ठेवा. पाड्यातलं एकही पोर आता येत नाही, असं नलूने सांगितलं. त्याने काय बिघडतं, खंडेराव म्हणाले, आहेत ती पोरं नाचतील, मी तारप्याची कॅसेट आणतो.

नलूने पावलं शिकवली. तिच्याशिवाय ती कोणाला येतच नव्हती. तालीम चालू असताना किनाऱ्याकडची हंसा मध्येच थांबली. मोठी चौकस पोर.

"बाई, असं नाचनारी मानसं आता कुठं असतात?"

खिडकीतून नाल्यापलीकडची छपरं दिसत होती. पोरीचा हात धरावा नि तिला तिकडे न्यावं, असं नलूला फार वाटलं. पण तिकडे जायला आता तिला तोंड नव्हतं.

"पाय चुकतोय तुझा," ती म्हणाली, आणि तिने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.