समोरच्या काकांचा टॉमी

हरलेली मॅच पुन्हा पुन्हा बघितली की कधीतरी जिंकता येते, असा ठाम विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शारजात, अल नहदाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. मूळचे चिपळूणकडचे, तरुणपणी कबड्डीत चढाया गाजवलेले, आणि पुढे दुबईच्या जबल अली बंदरावर एका अमेरिकन साहेबाच्या हाताखाली फोरमन. हा साहेब नोकरी सोडून गेला तेव्हा त्यानं सगळ्यांना घड्याळं वाटली, काकांना मात्र एक व्हिडिओ कॅसेट दिली. त्याच्या मुलाच्या कॉलेजची फुटबॉल मॅच. अमेरिकन फुटबॉल हो, म्हणजे बॉल बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं! साहेबाचा टॉमी त्यात क्वार्टरबॅक, डाव ठरवणारा. त्या मॅचनंतर थोड्याच दिवसांत पोरगा मोटार अपघातात गेला. साहेब म्हणाला होता, "मला बघवतही नाही आणि टाकवतही नाही." काकांनी कॅसेट घरी आणली, आणि काकूंच्या शब्दांत सांगायचं तर घरात एक माणूस वाढलं.

शुक्रवारी दुपारी खाली मशिदीत नमाज सुरू झाली की रस्ते सामसूम व्हायचे. तेव्हा वर काका पडदे ओढून, लुंगी सावरून, टीव्हीसमोर मांडी घालायचे. टॉमीचं कॉलेज सपाटून मार खात असायचं. कारण त्यांचा डाव एकच, बॉल घ्यायचा आणि मधोमध घुसायचं. टॉमी दर वेळी चार धिप्पाड पोरांच्या ढिगाऱ्याखाली. "अरे गाढवा, साखळी मधे लागलीय! डावा कोपरा मोकळा आहे, यल्ला, चल, कोपरा!" काका ओरडायचे, रिमोट दाबून त्याला ढिगाऱ्यातून उलटा बाहेर काढायचे आणि पुन्हा पाठवायचे. कबड्डीत बाद झालेला गडी, आपल्या बाजूने गुण मिळवला की परत मैदानात येतो. हा नियम काकांच्या हाडात मुरलेला. "एक गुण मिळू दे याला," ते मला एकदा हळूच म्हणाले, "मग बघू." काय बघू, हे विचारायची माझी छाती झाली नाही. काकूसुद्धा त्या दुपारी चहा एक कप जास्तच टाकायच्या आणि वर म्हणायच्या, "मी नाही हो मानत असलं काही!"

एकदा तर काका ओरडले आणि पडद्यावरच्या पोरानं हेल्मेटसकट मान वळवून डावीकडे बघितलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "काका, हे आधीपासून होतं?"

"छे. मागच्या आठवड्यापासून बघायला लागलाय," काका म्हणाले आणि शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी बापडा शेंगदाणे खात बसलो.

काही वर्षांनी साहेबाचा फोन आला. तो कामासाठी दुबईत उतरला होता. "टॉमीचे फोटो आहेत रे माझ्याकडे, पण तो पळायचा कसा, ते आता आठवत नाही. एकदा दाखव." फोन ठेवताना काकांचा चेहरा पांढराफटक पडलेला. इतक्या वर्षांच्या मागे-पुढे करण्यानं कॅसेट झिजली होती, आणि नेमकी टॉमीच्या पळण्यावरच. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. काका ती घेऊन दुबईच्या देरा बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे धावले. तो बघून म्हणाला, "खलास, हबीबी." त्या रात्री काका जेवले नाहीत.

शुक्रवारी साहेब आला. पार वाळला होता बिचारा. कॅसेट लागली. मैदान दिसलं, बाकांवरची माणसं दिसली, टॉमीनं बॉल घेतला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज तेवढा चालू. "सॉरी सर. माय मिस्टेक. आय सॉ टू मच," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. साहेब "इट्स ओके" म्हणाला आणि उठायला लागला.

"सर, वेट. आय शो."

काकांनी लुंगी खोचली, सोफ्यावरची उशी बगलेत मारली. मला हसूच फुटणार होतं. साठीला टेकलेला माणूस, जिना चढताना गुडघा धरणारा! पण काका स्वयंपाकघराच्या दारातून निघाले आणि माझं हसू जिरलं. उजवा खांदा पाडून, मान किंचित तिरकी करून, पावलांचा आवाज न करता. हे काकांचं धावणं नव्हतं. आणि मधोमध न घुसता टीपॉयला वळसा घालून डाव्या कोपऱ्यातून ते थेट बाल्कनीच्या पडद्यापर्यंत गेले. इतकी वर्षं मी ती मॅच ऐकत होतो, त्या जागी पब्लिक हळहळायचं. त्या दिवशी टीव्हीतून जल्लोष झाला. खोटं नाही सांगत, काकूंनीही ऐकला.

"टॉमी," साहेब म्हणाला.

काका वळायला लागले होते, ते तसेच थांबले. वळले असते तर साहेबाला काकांचा चेहरा दिसला असता. गुडघा लटपटत होता, मला दिसत होता, काकूंना दिसत होता. पण साहेबाचं पोटभर बघून होईपर्यंत काका पडद्याकडे तोंड करून उभेच राहिले.