व्याह्यांचा रिपोर्ट

आमच्या काकूला इंग्रजी बोलता येत नाही, पण जगातल्या कुणाचंही इंग्रजी समजतं. हे सांगितलं की लोक मला दुरुस्त करतात, की बाई, तुम्हाला उलट म्हणायचं असेल. मला उलट म्हणायचं नाही. उलटं प्रकरण मी स्वतः आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, बोलते झकास, पण समोरचा जरा वेगळ्या वळणाचं बोलायला लागला की मान डोलावून वेळ मारून नेते.

काकूचं काम कानाचं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकीकत बोलून रेकॉर्ड करतात आणि काकू ती ऐकून टाइप करते. एकोणीस वर्षं झाली. आधी चष्म्याच्या दुकानावरच्या ऑफिसात जायची, आता घरूनच. मधल्या खोलीत खिडकीशी टेबल, कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की थांबतो, टाच दाबली की तीन सेकंद मागे जाऊन तेच मुकाट्याने पुन्हा सांगतो. एवढा आज्ञाधारक पुरुष दुसरा पाहिला नाही, असं ती काकांच्या देखत म्हणते. काका पेपर जरा वर धरतात.

मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे माझा निम्मा वेळ त्या टेबलाशी जातो. इंग्रजी ही एकच भाषा आहे हा माझा पुस्तकी समज तिथेच गळून पडला. एकाच्या तोंडातून र बाहेरच पडत नाही, दुसरा तोच र जिभेवर चांगला घोळवून मग सोडतो. एक डॉक्टरीणबाई प्रत्येक वाक्याचा शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर नेतात, त्यामुळे पेशंटचा पाय मोडलाय की नाही याची त्यांनाच खात्री नसावी असं वाटतं. काकूने सगळ्यांना नावं ठेवलीत, दोन्ही अर्थांनी. तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा बोलतो तो गुळणी. कुठेही न थांबता सरसर उलगडत जातो तो सुतळी. यांतल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलेलं नाही, पण गुळणीला सर्दी झाली की आमच्याकडे दोन दिवस त्याचीच काळजी चालते.

नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी ती एक अक्षर टाइप करत नाही. त्याचं बोलणं कानाला लावून कपड्यांच्या घड्या घालते. एकदा, दोनदा, तीनदा. शब्दांच्या मागे धावायचं नाही, असं तिचं म्हणणं. आधी माणसाची चाल ओळखायची, तो दम कुठे खातो, आवाज कुठे पाडतो ते बघायचं, मग शब्द आपल्या पायांनी येतात. मी हे वर्गात सांगून पाहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेला येणार का म्हणून विचारलं.

न कळलेल्या शब्दाच्या जागी रेघ सोडायची आणि शेजारी मिनिट-सेकंद लिहायचे, हा त्यांच्या धंद्याचा नियम. अशा रेघा पडलेले सगळ्या ऑफिसचे रिपोर्ट शेवटी काकूकडे येतात. काकू रेघ सोडत नाही. तिला गर्व असा या एकाच गोष्टीचा आहे, पण तो ती पोटभर करते.

तर अशा काकूचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, परदेशात नोकरीला गेला आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरवून मोकळा झाला. लग्नानंतर दोघं इकडे, काकूच्याच घरात राहणार होते. मुलगी सगळ्यांना आवडली. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. हे होणारे व्याही समुद्रकाठच्या एका खेड्यात बोटी दुरुस्त करतात. बायको लवकर गेली, लेकीला एकट्याने वाढवलं. त्यांनी नकार दिला नव्हता. जिच्या घरात माझी मुलगी राहणार त्या बाईशी मला आधी बोलायचंय आणि मध्ये कुणी नको, एवढीच त्यांची अट होती. आणि बापाने मनापासून हो म्हटल्याशिवाय मुलगी तिथून हलणार नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

चुलतभावाने आईला आधीच सावध केलं. व्याह्यांचं बोलणं खुद्द त्यांच्या देशातल्या लोकांना कळत नाही, आणि तो स्वतः दोन वर्षं अंदाजाने हसतोय. काकूने ऐकून घेतलं आणि ते गुळणीपेक्षा अवघड आहे का, एवढंच विचारलं.

रविवारी दुपारी फोन आला. काकू ठेवणीतली साडी नेसून आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसली. काकांची रवानगी बाहेर झाली. मी दाराआड उभी राहिले, वेळ पडली तर मदत करावी म्हणून, म्हणजे हे माझ्या मते. पडद्यावर जाड स्वेटर घातलेले, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आले. टोपी हातात घेऊन बसले होते. बोलू लागले, आणि मला पंधरा मिनिटांत चार शब्द कळले. त्यांतले दोन म्हणजे मुलीचं नाव.

काकूने हेडफोन नीट केला, मान खाली घातली आणि तिची बोटं कीबोर्डवर चालू लागली. पाय पेडलवर. मध्ये एकदा तिने टाच दाबून पाहिली, पण व्याही काही तीन सेकंद मागे गेले नाहीत. ते थांबायचे तशी तीही थांबायची, ते बोलले की पुन्हा टकटक सुरू. शेवटी ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग काहीतरी तुटक बोलले आणि पडदा काळा झाला.

काकूने हेडफोन काढला, बोटं मोडली आणि समाधानाने म्हणाली, “एकही रेघ नाही.”

दहा मिनिटांत मुलाचा फोन. व्याही भडकले होते. मी पोटातलं काढून सांगत होतो आणि ती बाई खाली मान घालून तिचं ऑफिसचं काम उरकत होती, एका शब्दाने बोलली नाही, अशा घरात मी मुलगी पाठवणार नाही. काकूचा चेहरा उतरला. “अरे, माणूस कानात बोलत असताना मध्ये कसं बोलायचं?” ती म्हणाली. एकोणीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरने तिला काही विचारलं नव्हतं. उत्तर द्यायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मला हसू आलं. मी दोनचार शेरे मारलेही, आणि मग पाहिलं तर काकू पदराने डोळे पुसत होती. मला माझी लाज वाटली. भरपाई म्हणून मी म्हटलं, मी फोन करून चांगल्या इंग्रजीत समजावते.

“तू समजावशील गं,” काकू म्हणाली. “पण ते काय म्हणतील ते तुला कळेल का?”

मी तिने टाइप केलेलं वाचायला घेतलं. सवयीने तिने तो रिपोर्टच केला होता. वरती तक्रार, खाली पूर्वेतिहास, सगळं जिथल्या तिथे. व्याह्यांचा खोकलाही सोडला नव्हता. ते म्हणत होते, आई गेल्यावर माझी पोर तीन महिने कुणाशी बोलली नाही, मी काम करायचो त्या बोटीत येऊन बसायची. शहरात गेली आणि तिने आमच्या गावची बोली सोडून दिली, कारण लोक पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणतात. दोनदा सांगूनही कळलं नाही की ती गप्प होते आणि हसते. त्या हसण्यावर जाऊ नका. तुमच्याकडे तर तिला रोजच पुन्हा सांगावं लागेल. ती अशी हसली की तिला तिसऱ्यांदा विचाराल का?

त्याखाली काकूने नियमाप्रमाणे नोंद केली होती: अकरा सेकंद शांतता.

त्या अकरा सेकंदांत तिने नुसतं हो म्हणायचं होतं.

काकूने तो रिपोर्ट पुन्हा वाचला. मग सगळ्यात खाली, डॉक्टर उपचार लिहितात त्या ‘योजना’ या मथळ्याखाली, एक ओळ टाकली: तिसऱ्यांदा विचारलं जाईल. रिपोर्टात ‘मी’ लिहीत नाहीत. मी ते सुधारायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला आणि रिपोर्ट मुलाला मेल केला, कागदावर छापून व्याह्यांच्या हातात द्यायला सांगून.

दोन दिवस काही कळलं नाही. त्या दिवसांत काकूचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि सुतळीच्या एका रिपोर्टात पहिल्यांदा रेघ पडली. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांनी तो कागद कामाच्या जागी उभ्यानेच वाचला होता, मग बसून वाचला होता. बँकेला फोन केला की तिथलं यंत्र त्यांना पुन्हा बोला, पुन्हा बोला म्हणत राहतं आणि शेवटी तेच फोन आपटतात. शहरातल्या दुकानात लेकीला मध्ये घालावं लागतं. आणि कुठल्या कुठे बसलेल्या या बाईने त्यांचा खोकलासुद्धा गाळला नव्हता. त्यांना काकूशी पुन्हा बोलायचं होतं.

या खेपेला काकांनी कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. मी काकूकडून एक इंग्रजी वाक्य घोटवून घेतलं होतं, माझ्या कॉलेजी उच्चारांसकट. वाक्य छोटंच होतं: मी तिला विचारीन. पडद्यावर व्याही आले, काकूने घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी इंग्रजीतून काहीतरी सांगितलं.

व्याह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी कानामागे हात धरला. काकूने पुन्हा सांगितलं. त्यांनी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं, पण मध्ये कुणी नको ही अट त्यांचीच होती.

मग काकू गप्प झाली आणि हसली. मी दारातून पुढे होणार होते, काकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

व्याह्यांनी खुर्ची पुढे घेतली, इतकी की पडद्यावर नुसती दाढी आणि डोळे उरले, आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. काकूने माझे उच्चार सोडून दिले आणि ते वाक्य आपल्या पद्धतीने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

मग ते जे बोलले ते, का कोण जाणे, मलासुद्धा कळलं.

“समजलं,” ते म्हणाले. “पाठवतो तिला.”