जॉबरमामांची यादी

भिवंडीतली माझी पहिली काही वर्षं मला नेहमी दुपारचीच आठवतात. सकाळ-संध्याकाळ आठवायला बसलं तर आठवते, पण आपणहून डोळ्यांपुढे येते ती दुपार. कौलांच्या फटींतून चर्चमध्ये उतरलेले उन्हाचे पट्टे, त्यांत तरंगणारे सुताचे तंतू आणि शेजारच्या कारखान्यातून येणारा मागांचा खडखडाट. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच दचकायला व्हायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी नगरकडून तिथे पाळक म्हणून आलो. नुकतीच दीक्षा झालेली, नुकतंच लग्न झालेलं. मंडळी लहानशीच होती. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, नगरपालिकेतले कारकून, आजूबाजूच्या गावांतली दोन-चार घरं. भिवंडीची सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळे माग चालू. त्यामुळे आमची उपासना कायम त्या खडखडाटातच व्हायची.

पहिल्या रविवारी मी गीताचा नंबर सांगितला, तसे पुढच्या बाकावरचे एक उंच, वाळके गृहस्थ उभे राहिले आणि कोणाचीही वाट न पाहता त्यांनी गीत उचललं. सूर इतका खालचा की बायकांना गाताच येईना. पेटीवर बसलेली शिक्षिका घाईघाईने पट्ट्या चाचपत त्यांचा सूर शोधत होती. तो सापडेपर्यंत पहिलं कडवं संपलं. पुढच्या रविवारी तेच गीत त्यांनी इतक्या वर उचललं की पुरुष गप्प झाले.

उपासना संपल्यावर मी शिक्षिकेला विचारलं, "हे नेहमी असंच गातात?"

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "वीसेक वर्षं लूमवर आहेत. जॉबर आहेत ते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. कान त्यातच गेले. गीतं मात्र सगळी पाठ आहेत."

मंडळीत लूमवर काम करणारे ते एकटेच. सगळे त्यांना जॉबरमामा म्हणत. गीत उचलायचा मान त्यांच्याकडे कान शाबूत असल्यापासूनचा होता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एकदोन पंचांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की आता दुसरं कोणीतरी बघावं. मी "बघू" म्हणालो आणि काहीच केलं नाही. त्यात माझी दया नव्हती. त्यांना तसं लिहून दाखवायचं धैर्य माझ्यात नव्हतं, एवढंच.

गावच्या गल्ल्या मला माहीत नव्हत्या, म्हणून घरभेटींना मी मामांना बरोबर घ्यायचो. दोन सायकली. ते पुढे, मी मागे. त्या भेटींत मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. मी समोर बसून विचारायचो, "कसं चाललंय?" लोक म्हणायचे, "देवाची कृपा आहे." मी शास्त्रपाठ वाचायचो, प्रार्थना करायचो, चहा यायचा. आणि मी हात धुवायला मागे गेलो की तीच माणसं मामांशी बोलायला लागायची. खुणांनी नव्हे, कानाशी ओरडूनही नव्हे. आपलं साधं, हळू आवाजात, जसं आपण गोठ्यातल्या गाईशी बोलतो तसं.

राहनाळला आमच्या मंडळीतली एक विधवा बाई राहायची. गोदामात गोणी शिवायला जायची. मला ती दर वेळी म्हणायची, "बरं हाय सगलं, पालकसाहेब." एका दुपारी तिने मला परसातली पपई बघायला पाठवलं. मी झाडाखाली उभा होतो. दारातून दिसत होतं, ती मामांसमोर जमिनीवर बसून बोलत होती आणि बोलता बोलता पदराने डोळे पुसत होती. मामा तिच्याकडे बघत बसले होते. ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तिने पुढे ते मलाही सांगितलं, आणि मी पाळक आहे. मेलेल्या नवऱ्याला ती कधीतरी रागात काही बोलली होती, त्याविषयी होतं, एवढं पुरे.

परत येताना मला मामांचा हेवा वाटला. मी ऐकणारा माणूस. ऐकायचं कसं, हे तीन वर्षं शिकून आलेला. आणि लोक बोलत होते ते बहिऱ्या माणसाशी.

पण पुढे मीही तेच केलं.

आमची पहिली मुलगी भिवंडीतच जन्मली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पाऊस लागलेला होता. ठाण्याहून दुसरे पाळक येईपर्यंत थांबणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दफनविधी मीच चालवला. पुस्तकातले शब्द मी एकदाही न अडखळता वाचले. लोकांनी माझ्या धीराचं कौतुक केलं. त्या दिवसापासून प्रार्थनेला डोळे मिटले की माझ्या आत काहीच नसायचं. दुःखही नाही. रिकाम्या घरात शिरल्यासारखं वाटायचं, आणि तोंडाने शब्द चालू असायचे. बायकोला मी हे सांगितलं नाही. ती आधीच इतकी गप्प झाली होती.

महिन्यातून एकदा पडघ्याला एका घरी प्रार्थनासभा असायची. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि मामा सभा आटोपून एस.टी.ची वाट बघत चिंचेखाली बसलो होतो. नाशिककडून येणारे ट्रक धूळ उडवत जात होते. धूळ खाली बसायच्या आत दुसरा ट्रक यायचा, त्यामुळे रस्त्यापलीकडची दुकानं पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसत होती. मामा माझ्यासमोर दगडावर बसले होते. आणि मी बोलायला लागलो.

"मामा, मी दर रविवारी खोटं बोलतो," मी म्हणालो. "उपासनेत सगळ्यांसाठी ती मोठी प्रार्थना करतो ना, तेव्हा माझ्यासमोर कोणीच नसतं. मी नुसता आवाज काढतो. त्या दिवशी मुलीच्या अंगावर माती टाकताना मला रडूही आलं नाही. हे असंच चालणार असेल तर मी पाळकपण सोडायला हवं."

आणखीही बरंच बोललो. मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. माझं संपल्यावर ते उठले, पलीकडच्या चरकावरून उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आले.

"प्या," ते म्हणाले. "गाडी येईल आता."

मला हलकं वाटलं. भिंतीशी बोलून वाटावं तसं.

त्यानंतरच्याच पंचांच्या सभेत मामा एकदम उभे राहिले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मोठी प्रार्थना दर रविवारी एकट्या पाळकसाहेबांनीच का करायची? मंडळी सगळ्यांची हाय. घरोघर पाळी लावा."

एक पंच म्हणाले, "लोकांना सवय नाही हो."

दुसरे म्हणाले, "बायका तर उभ्याच राहणार नाहीत."

मामांनी दोघांकडेही पाहिलं नाही. खिशातून वहीचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. यादी तयारच होती. ऐकू न येणाऱ्या माणसाशी वाद कसा घालणार? ठराव झाला.

मग ते महिने सुरू झाले. मी शास्त्रपाठ वाचायचो, उपदेश करायचो, आणि मोठ्या प्रार्थनेच्या वेळी खुर्चीत डोळे मिटून बसायचो. कोणीतरी उभं राहायचं. एक कारकून कागदावर लिहून आणायचा आणि तेही वाचताना अडखळायचा. एका नर्सने आपल्या वॉर्डातल्या पेशंटसाठी प्रार्थना केली. नावं घेता येत नव्हती म्हणून "खिडकीजवळचे काका", "तीन नंबरची आजी" असं म्हणत गेली, आणि मिटल्या डोळ्यांपुढे मला तो सगळा वॉर्ड दिसला, पांढऱ्या चादरी आणि खिडकीतला उजेड. एका म्हातारीने आपल्या गाभण शेळीसाठी मागितलं. राहनाळची बाई नुसती उभी राहिली, बराच वेळ काही बोललीच नाही, मग "तुला ठावं हाय" एवढं म्हणून खाली बसली. मागांच्या आवाजात त्यांचे निम्मे शब्द बुडायचे. माझ्या आत अजूनही काही नव्हतं. पण त्या रिकाम्या घरात आता दुसऱ्यांची पावलं वाजत होती.

वर्ष तसंच गेलं. मग एकदा माझी दाढ सुजली. रविवारी गालाला रुमाल लावून मी कसाबसा उपदेश केला. दारात सगळ्यांशी हात मिळवताना मामा आले.

"सलाम, पाळकसाहेब. आज काय बोललात ते कळलं न्हाय बघा. रुमाल होता ना तोंडावर."

मी मान हलवली. मामा पायऱ्या उतरून गेले. मागून आलेल्या तिघा-चौघांशी मी हात मिळवला असेन. मग एकदम माझ्या ध्यानात आलं की ते काय बोलून गेले, आणि पडघ्याचा रस्ता, ती धूळ, ते ट्रक सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या कारखान्यावर गेलो. मामा दारातच भेटले. मी काही विचारायच्या आत त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. आवाज कानावर येण्याआधी छातीवर येऊन बसला. लांब शेडमध्ये मागांच्या रांगा होत्या, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे धावत होते, आणि हवेत सगळीकडे कापूस. थोड्या वेळाने मला दिसलं की तिथली माणसं बोलत होती. चार माग सोडून उभी असलेली दोन माणसं एकमेकांशी नुसते ओठ हलवत होती. एकाने काहीतरी सांगितलं, दुसरा पोट धरून हसला. पलीकडे एक जण भांडत होता, अगदी हातवारे करून. सगळी शेड बोलत होती, आणि माणसाचा आवाज म्हणून एकही नव्हता. पाण्याच्या तळाशी एखादं गाव वसलेलं असावं आणि आपण चुकून तिथे उतरावं, तसा मी उभा राहिलो.

एका उत्तरेकडच्या कारागिराने माझ्याकडे बघत मामांना काही विचारलं. मामांनी ओठांनीच उत्तर दिलं. बाहेर चहाच्या टपरीवर बसल्यावर मी विचारलं, "तो काय म्हणत होता?"

"हे साहेब कोण, म्हणाला. मी सांगितलं, हमारे इमाम."

मी हसलो. मग नीट त्यांच्यासमोर तोंड करून म्हणालो, "म्हणजे तुम्हाला सगळं कळतं."

"सगळं न्हाय. निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यावरून जुळतं."

"मग लोकांना हे माहीत कसं नाही?"

"लोक कानाशी येऊन ओरडतात," मामा म्हणाले. "कानाशी आल्यावर तोंड दिसतं का, साहेब?"

"पण तुम्ही सांगायचं तरी."

त्यांनी बशीत चहा ओतला. "सांगितलं असतं, तर राहनाळची बाई बोलली असती? तुम्ही बोलला असता?"

माझे कान तापले होते. शरमेनेही, आणि आपलं बोलणं इतके महिने कोणीतरी जपून ठेवलं होतं या जाणिवेनेही.

"ती यादी माझ्यासाठी होती," मी म्हणालो.

"मंडळीसाठी पण होती. बायका उभ्या राहतात आता."

मी माझा चहा संपवला. मग मी विचारलं, "माझी पाळी कधी?"

"घाई न्हाय," मामा म्हणाले. "तुमचं नाव शेवटी लिवलंय."

त्या यादीत माझं नाव आहे हे मला तेव्हा कळलं. कागद मी कधी पूर्ण वाचलाच नव्हता.

मामा ओठ वाचतात ही गोष्ट मी भिवंडीत असेपर्यंत कोणालाच सांगितली नाही. मामा शेवटपर्यंत गीत उचलत राहिले. कानांपाठोपाठ डोळेही गेल्यावर ते लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. तोवर माझी बदली झाली होती, मातीला मला जाता आलं नाही.

यादीतली माझी पाळी आली ती त्या टपरीवरच्या चहानंतरच्या हिवाळ्यात. मी उभा राहिलो तेव्हा काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. मी देवाला सांगितलं की आमची एक मुलगी होती, ती तीन दिवस जगली, आणि मला तिच्यासाठी रडता आलेलं नाही. एवढंच बोलून मी थांबलो. कोणीतरी "आमेन" म्हणायला हवं होतं. बायकांच्या बाजूने आवाज आला. तो माझ्या बायकोचा होता.

उपासनेनंतर राहनाळची बाई आमच्याजवळ आली. "आज घरी जेवाया चला," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आम्ही गेलो. तिने तांदळाच्या भाकरी केल्या होत्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण. जेवण झाल्यावर दोघी मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी अंगणातल्या बाजेवर जरा पाठ टेकली. मागून बायकोचा आवाज येत होता. इतकं सलग बोलताना मी तिला मुलगी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते, कळून घ्यावेसेही वाटले नाहीत.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर कोणीतरी गोधडी टाकली होती. संध्याकाळच्या प्रार्थनासभेची वेळ टळून गेली होती. मी धडपडत उठलो, चप्पल शोधायला लागलो.

बाई दारात येऊन म्हणाली, "निजा हो. पेटीवाल्या बाईंनी निरोप धाडला. सभा त्या घेतायत."

मी पुन्हा आडवा झालो. ओट्यावर दोघींचं बोलणं अजून चालूच होतं.