नकाशावरून गेलेली बोट

समुद्रकाठच्या उत्तनला मी आलो तो अँटेना बसवणाऱ्यांचा हेल्पर म्हणून. शाळा आठवीत सुटलेली, गाव हिंगोलीकडं, समुद्र कधी बघितलेला नाही. काम संपल्यावर साहेब म्हणाले, "इथंच राहतोस का? लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

जहाजं आपलं नाव, वेग, दिशा रेडिओवरून सारखी सांगत असतात. आमच्या गच्चीवरचा रिसीव्हर ते ऐकून पुढं पाठवतो. मी अँटेनावर चढलेलं मीठ पुसायचं, लाइट गेली की मशीन परत चालू करायचं, स्क्रीनवर प्रत्येक जहाजाची एक टिकली असते, त्या हलतायत ना बघायचं. दिवसभर जहाजांची नावं वाचतो. मला नावानं हाक मारणारं मात्र इथं एकच घर, गच्चीच्या मालकीणबाईंचं. मी त्यांना मावशी म्हणतो.

त्यांचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहे, बोट त्याच्याच हुकमानं चालते. त्या बोटीवरही सिग्नलचं यंत्र आहे. तो समुद्रात गेला की मावशी कपडे वाळत घालायला वर येतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "हाय का रे आमचा?" मी स्क्रीन वळवून दाखवतो.

गेल्या मोसमात एका दुपारी त्याच्या बोटीची टिकली गेली. बोट लांब गेली की आधी तुटक दिसते, मग दिसेनाशी होते. ही एकदम गेली. वाटलं, चूक माझीच. केबलचे जोड पुसले, मशीन बंद करून चालू केलं. बाकी सगळी जहाजं स्क्रीनवर परत आली, तीच नाही. धावत खाली गेलो. मावशी मांदेली साफ करत होत्या.

"मावशी, बोट दिसत नाही!"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसल्याच. "अरे वेड्या, सिग्नल बंद केला असंल त्याने. मासा लागला की चालू ठेवतात काय? बाकीच्या बोटी मागनं येतील न्हाय?"

ओट्यावरून मावशींचे यजमान, काका, ओरडले, "जेट्टीवर जाऊन दवंडी पिटलीस काय?"

"नाही काका."

"मग गप वर जाऊन बस."

"पोराचा घसा सुकलाय, पानी तरी पिऊ दे त्याला," मावशी म्हणाल्या.

वर येऊन बसलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मासा लागला तरी स्क्रीनवर जागा रिकामीच, आणि बोट बुडाली तरी रिकामीच. फरक कसा ओळखायचा?

संध्याकाळी मावशी वर आल्या. हातात कपडे नव्हते. उलट्या बादलीवर बसल्या.

"आला?"

"नाही अजून."

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवून ठेवली. जाताना एवढंच म्हणाल्या, "यांना सांगू नको, मी आले होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकली एकदम उमटली, अगदी जवळ, तोंड घराकडं. मी जिन्यातनं हाका मारल्या.

"ओरडतोस काय, माहीत हाय!" काका म्हणाले. पण चपला सापडेनात त्यांना.

सगळं घर किनाऱ्यावर गेलं. मला मशीन सोडून जाता येईना. टिकली काठाला लागेपर्यंत बघितली, मग गावाकडं आईला फोन लावला. तिनं विचारलं, जेवलास का. जेवलो, म्हणालो. जेवायचं अजून राहिलंच होतं.