फ्लॉपीला लागलेलं कुंकू

लिहिणं हे माझं काम नाही, तरी लिहायला बसलो आहे, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आठवण कुठून सुरू करायची आणि कुठं थांबवायची, हे मला नीट कळत नाही. पण एका वर्षीच्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस अजून मनातून जात नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. चिखल्याच्या खाणीतून मॅंगनीज वाहून नेणाऱ्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दुपारनंतर संगणक चालवायचो. पगार थोडा, पण ऑफिसच्या मागची खोली राहायला मिळाली होती. ती खोली होती म्हणून कॉलेज होतं.

त्या पावसाळ्यात नागपूरच्या मुख्य ऑफिसनं वापरलेला एक मोडेम पाठवला. दिवसाभरात किती माल निघाला, ते त्या डब्यातून टेलिफोनच्या तारेवरून रोज नागपूरला पाठवायचं होतं. मोडेमसोबत एकच फ्लॉपी आली. तिच्यात त्याचा ड्रायव्हर होता, म्हणजे त्या डब्याशी कसं बोलायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम. टेलिफोनची वेगळी लाइन मिळेपर्यंत दसरा आला. नागपूरहून निरोप होता की दिवाळीपर्यंत हे चालू झालं नाही, तर संगणक परत मागवून घेऊ. संगणक गेला की माझं कामही जाणार, आणि खोलीही.

दसऱ्याच्या सुट्टीत ऑफिस बंद राहणार होतं आणि मागच्या खोलीत उंदीर फार. आमच्या साहेबांनी फ्लॉपी माझ्या हातात दिली आणि स्वतःजवळच ठेव म्हणाले. मी ती वहीत घालून गावी नेली. आमचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. वडील मासेमारी करायचे. रात्री जेवताना मी त्यांना कौतुकानं सांगितलं की माझं सगळं काम या एका चौकोनी तुकड्यावर अडलेलं आहे.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून आलो तेव्हा देवापुढं धुतलेलं जाळं घडी घालून ठेवलं होतं. शेजारी विळा, आणि विळ्याशेजारी माझी फ्लॉपी. फ्लॉपीच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकती दिसते आणि मशीन तिथूनच ती वाचतं. बरोबर त्या खिडकीत ओलं हळदकुंकू लावून वर तांदूळ चिकटवले होते.

वडील खुश होते.

"हत्यार पुजल्याबिगर कामाले लावत नाही, बाबू," ते म्हणाले. "अन् टिक्याची जागा तं बनवनाऱ्याइनं ठेवलीच आहे."

मी घराच्या मागं जाऊन ओल्या रुमालानं पुसत बसलो, तसं कुंकू आणखी आत पसरलं. दुसऱ्या दिवशीच भंडाऱ्याला परतलो. मशीनमध्ये फ्लॉपी घातली तर नुसता खरखर आवाज आला, आणि पडद्यावर वाचता येत नसल्याची ओळ.

मग जिवाला स्वस्थता उरली नाही. वर्गात बसलो की ऑफिस आठवायचं, ऑफिसात बसलो की परीक्षा. साहेबांना खरं सांगितलं. ते आधी हसले, मग नागपुरात मोडेम घेतला होता त्या दुकानाचा नंबर त्यांनी काढून दिला. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला, तर दुसरी प्रत बाहेरून मागवावी लागेल आणि दिवाळीनंतरच येईल, असं उत्तर मिळालं. शेवटी एका वर्गमित्राच्या काकांचा पत्ता घेऊन सायकलनं जवाहरनगरला गेलो. ते तिथल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि संगणकांची त्यांना माहिती होती. त्यांनी फ्लॉपी उजेडात धरून पाहिली आणि पाकीट कापून आतली चकती धुवून काढायला सांगितलं.

"धुवायची?" मी विचारलं.

"पाण्यानंच लावलं ना? मग पाण्यानंच निघंल. घासजो नको मात्र."

ऑफिसात येऊन ब्लेडनं पाकिटाची कड कापली. चकती पाण्यात हलवली, सावलीत वाळवली. एक कोरी फ्लॉपी कापून तिची चकती काढली, त्या पाकिटात ही सरकवली आणि लगेच दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत काढायला लावली. मशीन मध्येच अडायचं, पुन्हा प्रयत्न करू का विचारायचं, मी हो म्हणायचो. खूप वेळानं प्रत पूर्ण झाली. मग ड्रायव्हर संगणकावर चढवला. मोडेम कोणत्या जोडणीवर आहे, ते मी एकदा चुकीचं सांगितलं, मग बरोबर सांगितलं.

दिवाळीला थोडेच दिवस होते. संध्याकाळी नागपूरचा नंबर लावला. डब्यातून शिटी आली, मग चाळणीत रेती हलवावी तसा आवाज. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्या दिवसाचे आकडे गेले, पलीकडून पोचल्याची खूण आली आणि लाइन तुटली. संगणक राहणार की जाणार, याबद्दल एक अक्षर नाही.

पुढचे दिवस मी खोलीतलं सामान नुसतं इकडून तिकडं ठेवत होतो. साहेबांनी नागपूरला दोनदा विचारलं, कुंकवाची गोष्टही सांगून टाकली, पण मालक बाहेरगावी होते. मग एका दुपारी नागपूरचा ट्रक दारात लागला. पाठीमागं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेलं होतं, नाजूक सामानाखाली अंथरतात तसं. मी संगणकाच्या वायरी सोडायला लागलो.

ट्रकवाले काका दारातून ओरडले, "काहून सोडून राहिला बे? न्यायले नाही आलो, द्यायले आलो."

तणसातून त्यांनी एक खोकं उतरवलं. छपाईचं मशीन होतं, आमच्या संगणकाला जोडायचं. मालकांचा निरोप त्यांनी तोंडीच आणला होता.

"मालक म्हनते, कम्प्युटर इथंच राहील, पोट्टाबी राहील. अन् पूजा करा म्हनते, पन कुकू डब्यालेच लावा."